तेवीस सांगितलं की बत्तीस लिहिते!
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या अंकासाठी नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी सहा निवडली आहेत. जवळजवळ प्रत्येकाने 'अभ्यास मजेचा कसा करायचा' असं विचारलंय. मूल नेमकं कुठे अडतंय ती जागा सापडली की निम्मा कंटाळा तिथेच सरतो. म्हणून उत्तरांत खेळांपेक्षा या अडण्याच्या जागाच जास्त दिसतील.

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. 'तेवीस लिही' म्हटलं की ३२ लिहिते, एकोणतीस सांगितलं की ३९. रोज १ ते १०० लिहून घेते, ते मात्र बिनचूक असतं. मग घोळ कुठे होतो?
— एक आई, सिडको

उत्तर : घोळ मुलीत नाही, आपल्या संख्यानामांत आहे. 'तेवीस' म्हणताना कानावर आधी तीन पडतात, मग वीस. हात कानामागून चालतो आणि ३२ उमटतं. एकोणतीसमध्ये तर तिचं अर्धं उत्तर बरोबर आहे: 'एकोण' आलं की शेवटी नऊ, हे तिला पक्कं ठाऊक आहे. 'तीस' ऐकून तिने आधी ३ लिहिला, एवढीच चूक. फुली मारताना हे बरोबर आलेलं अर्धं आपण तिला सांगतच नाही.

मग १ ते १०० बिनचूक कसं? एकदा तिच्या शेजारी बसून हात कसा चालतो ते बघा. बरीच मुलं रकान्यात आधी २, २, २ अशी ओळ खालपर्यंत उतरवतात आणि मग शेजारी क्रमाने आकडे भरतात. त्यात संख्या कुठेच नसते, नुसती नक्षी असते. महिनाभर ते लेखन बंद ठेवा.

त्याऐवजी आइसक्रीमच्या शंभर चपट्या काड्या किंवा खराट्याच्या बोटभर लांबीच्या तोडलेल्या काड्या घ्या, आणि दहा-बारा रबरबँड. पहिले दोन दिवस फक्त दहा-दहाच्या जुड्या बांधायच्या, आणि त्या तिनेच बांधायच्या. आईने बांधून दिलेल्या जुडीत दहाच आहेत यावर मुलांचा विश्वास बसत नाही, दर वेळी ती सोडून मोजत बसतात.

तिसऱ्या दिवसापासून तुम्ही संख्या सांगा. तिने डावीकडे जुड्या, उजवीकडे सुट्या काड्या मांडायच्या, मोठ्याने 'वीस आणि तीन, तेवीस' म्हणायचं आणि मगच लिहायचं. रोज सहा संख्या, पंधरा मिनिटांत खेळ आवरायचा. तिच्या समोर नव्हे, बाजूला बसा. समोर बसलात तर तिची डावी ती तुमची उजवी होते आणि काड्या सारख्या करायला गेलात की तुम्हीच घोळ वाढवता.

सुरुवात ११ ते १९ पासून करू नका. 'अकरा', 'बारा' यांत दहा कुठे ऐकूच येत नाहीत. सर्वांत सोपी चाळिशी: त्रेचाळीस, पंचेचाळीस, सत्तेचाळीस, सगळीकडे 'चाळीस' स्वच्छ वाजतं. मग विशी, तिशी, ऐंशी. साठीतला 'सष्ट', पन्नाशीतला 'वन्न', सत्तरीतला 'हत्तर' आणि नव्वदीतला 'ण्णव' यांत मूळ शब्द ओळखू येत नाही, म्हणून ती घरं शेवटी. अकरा ते अठरा त्याहूनही नंतर घेतलं तरी बिघडत नाही.

'एकोण'साठी वेगळा खेळ. एकोण म्हणजे एक उणा. टेबलावर तीन जुड्या ठेवा आणि म्हणा, 'तीसमधली एक काडी मला दे.' जुडी सोडल्याशिवाय काडी निघत नाही. ती सोडली की समोर दोन जुड्या आणि नऊ सुट्या उरतात, आणि २९ तिच्या डोळ्यांदेखत तयार होतं. हेच वीस, चाळीस, पन्नास घेऊन करा. नव्याण्णव मात्र या नियमात बसत नाही, ते तिला आधीच सांगून टाका. मुलांना नियम मोडणारी संख्या फार आवडते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस तीन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. आमचं मत विचाराल तर 'वीस तीन' ही शिडी आहे. तीन-चार आठवडे 'वीस तीन, तेवीस' असं जोडीने म्हणू द्या. माळ्यावर पोचलं की शिडी बाजूला काढायची.

प्रश्न : नातू चौथीत आहे. पंधरापर्यंतचे पाढे खडाखडा म्हणतो, पण मध्येच 'सात आठे?' विचारलं की 'सात एके सात'पासून सुरू होतो. आमच्या वेळी पावकी-निमकीसुद्धा (पाव-अर्ध्याचे पाढे) पाठ असायची. ती शिकवावी का?
— एक आजोबा, पंचवटी

उत्तर : पाढा ओवलेल्या माळेसारखा पाठ होतो, मधला मणी एकटा हाती येत नाही. म्हणणं थांबवू नका, त्याची लय फार कामाची आहे. पण ते अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे सुटे मणी.

त्यासाठी किती पाठ करावं लागतं ते आधी मोजू. दोन ते नऊच्या पाढ्यांत, 'एके' सोडून, नऊपर्यंतची ६४ घरं. सात आठे आणि आठ साते एकच, म्हणून उरली ३६. दोनचा आणि पाचचा पाढा बहुतेकांना येतोच. तो वगळला की २१ उरतात. नवाला दहातून काढायचं (नऊ साते म्हणजे सत्तरातून सात गेले, त्रेसष्ट), की राहिले फक्त १५ गुणाकार. 'सगळे पाढे पाठ कर' आणि 'हे पंधरा कर' यांत मुलाच्या चेहऱ्यावर पडणारा फरक तुम्हीच बघा.

जुन्या लग्नपत्रिका असतीलच. त्यांचे पत्त्याएवढे तुकडे कापा. एका बाजूला ७ × ८, दुसऱ्या बाजूला ५६. साधा कागद नको, मागचा आकडा आरपार दिसतो आणि मुलं तो बरोबर टिपतात. चपलांच्या खोक्यात पुठ्ठे लावून तीन कप्पे करा: पहिला रोजचा, दुसरा दर तिसऱ्या दिवशीचा, तिसरा आठवड्याचा. तीन सेकंदांत उत्तर आलं तर पत्ता पुढच्या कप्प्यात, अडखळला किंवा चुकला तर पुन्हा पहिल्यात. ही मूळ युक्ती सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराची.

पहिल्या दिवशी सातच पत्ते घ्या. पंधराही एकदम काढले की पहिला कप्पा हलत नाही आणि नातू खोकं लपवून ठेवतो. उत्तर सुचत नसेल तर सांगू नका, वाट दाखवा: सातची दुप्पट १४, १४ ची २८, २८ ची ५६. सहा साते अडलं तर पाच साते पस्तीस, त्यात आणखी एक सात. अशा वाटेने दोन-चारदा गेला की उत्तर सरळ येऊ लागतं. रोज पाच मिनिटं पुरेत. आजोबांना मात्र पाच मिनिटांवर थांबणं जड जातं, हे आम्हाला ठाऊक आहे.

पावकी, निमकी, पाऊणकी सगळी नको. सवायकी, दिडकी आणि अडीचकी दहापर्यंत जरूर शिकवा, कारण ती रोजच्या बोलण्यात आहे: दीडशे, अडीच हजार, सव्वा लाख. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात त्याला बरोबर न्या. भेंडी वीस रुपये पाव असेल तर सव्वा किलोचे किती? सव्वा किलो म्हणजे पाच पाव हे त्याने बोटांवर मोजलं की शंभर आलेच. हिशोब त्याने करायचा आणि पैसेही त्यानेच द्यायचे.

प्रश्न : एक पान लिहिलं की एक चॉकलेट, अशी सवय लावली होती. आता चॉकलेटशिवाय वही उघडत नाही.
— एक बाबा, गंगापूर रोड

उत्तर : ठरलेल्या बक्षिसाचा असाच परिणाम होतो. १९७३ साली अमेरिकेत बालवाडीतल्या, चित्रं काढायला मुळात आवडणाऱ्या मुलांना 'चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल' असं आधी सांगून ते दिलं गेलं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रं काढण्यात इतरांपेक्षा कमी वेळ घालवू लागली. चॉकलेट एकदम तोडू नका, भांडण होईल. दोन आठवडे ते अभ्यासाशी न जोडता, जेवणानंतर सगळ्यांना मिळतं तसं द्या. पानांची मोजणीही सोडा. पान संपवायचं म्हणून मुलगा अक्षरं मोठी काढतो, तुम्ही 'नीट लिही' म्हणता आणि भांडण सुरू होतं. 'आज पाच ओळी, पण शब्दांत जागा सोडून' असं काम द्या आणि त्यातली सर्वांत चांगली ओळ त्यालाच निवडायला लावा.

प्रश्न : पेठ तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एका खोलीत बसतात. मोजमाप आणि धारिता शिकवायला साहित्य नाही. मुलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात, मराठीत 'अंदाजे', 'परिमाण' म्हटलं की गप्प होतात.
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, तुमच्याकडे पाऊस आहे. पावसाळाभर पुरेल एवढं साहित्य त्यातून निघतं.

शीतपेयाची दोन लिटरची रिकामी बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून, उलटा करून, तोच नरसाळं म्हणून बाटलीत बसवा. कड घट्ट बसली पाहिजे. बाटलीचा तळ फुगीर असतो आणि तिथे मोजमाप चुकतं. म्हणून भिंत सरळ होते तिथपर्यंत बारीक खडे भरा, खड्यांवर पाणी ओता आणि त्या पाण्याच्या रेषेला शून्य लिहा. तिथून वर मिलिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी बाहेरून चिकटपट्टीने पूर्ण झाकून लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी शाई ओघळते. तोंड आणि पोट सारख्याच रुंदीचं असल्यामुळे पट्टीवर दिसेल तेवढाच मिलिमीटर पाऊस, गुणाकार-भागाकार काही नाही.

बाटली उघड्यावर, विटांच्या आधाराने उभी करा. कौलांच्या पागोळ्या पडतील अशा ठिकाणी किंवा झाडाखाली ठेवली तर आकडे हमखास खोटे येतात. हवामान खात्याप्रमाणे सकाळी साडेआठला वाचायचं असेल तर लवकर येणाऱ्या मुलांची पाळी लावा. वाचून झालं की पाणी शून्यापर्यंत आणून ठेवायचं. तुमच्याकडे झोडपणारा पाऊस असतो, बाटली भरून वाहिली तर तो दिवस वाया जातो. अशा दिवसांत संध्याकाळी एकदा वाचून दोन्ही आकड्यांची बेरीज करायची.

एका खोलीत चार वर्ग असले तरी अडत नाही. पहिलीने पावसाच्या दिवसाला एक चिंचोका डब्यात टाकायचा. दुसरीने आकडा वाचून फळ्यावर लिहायचा, तिसरीने आठवड्याची बेरीज करायची, चौथीने भिंतीवर स्तंभालेख काढायचा. चौथीला पुढचं एक सांगा: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. व्हरांड्यात खडूने मीटरभराचा चौकोन काढा, लिटरची बाटली हातात द्या आणि शाळेच्या पत्र्यावर आज किती पाणी पडलं ते त्यांनाच काढू द्या.

धारितेसाठी क्रम बदलू नका: आधी अंदाज, मग माप, मग फरक. हंड्यात किती बाटल्या पाणी मावेल? प्रत्येकाचा अंदाज नावासह फळ्यावर, आणि तो अंदाज कोकणाच्या शब्दांतच घ्या. 'अंदाज' हा शब्द त्यांनी चार वेळा केलेल्या गोष्टीला द्यायचा, आधी शब्द आणि मग गोष्ट नव्हे. पहिल्या हंड्याला अंदाज पाच ते पन्नास असे विखुरतात, तिसऱ्या भांड्यापर्यंत ते जवळ येतात आणि मुलांना तीच गंमत वाटते. चुकलेला अंदाज पुसू नका, तो पुसला की पुढच्या वेळी मुलं शेजाऱ्याचाच आकडा सांगतात.

मोठ्या मुलांना बातम्यांतला क्युसेक द्या. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. गंगापूर धरणातून समजा १,००० क्युसेक पाणी सोडलं तर सेकंदाला २८,३०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर दर सेकंदाला. उन्हाळ्यात एका टँकरची वाट बघणाऱ्या पाड्यावरच्या मुलांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नाशिक शहरात तर पुराची मोजपट्टी मारुतीच्या अंगावरच आहे: पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला, छातीला, असंच लोक बोलतात. तुमच्या ओढ्यालाही असा एखादा खडक नेमून द्या. खडकावर पाणी कुठवर आलं ते आधी शब्दांत नोंदवा, नंतर मीटरची दोरी लावा. वाहत्या पाण्यात मुलांना उतरवू नका, खुणा काठावरूनच बघायच्या.

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे. धडा पाच-पाच वेळा वाचतो, 'सगळं आलं' म्हणतो, आणि पेपरात कोरा.
— एक आई, निफाड

उत्तर : तो खोटं बोलत नाही. पाचव्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते. मेनरोडवर एखादा चेहरा ओळखीचा दिसतो पण नाव ओठावर येत नाही, तसं होतं. परीक्षेत नाव विचारतात आणि सराव झालेला असतो चेहऱ्याचा.

एक पान एकदा वाचायचं आणि पुस्तक मिटायचं. कोऱ्या कागदावर चार मिनिटांत आठवेल ते लिहायचं, तुटक शब्द, बाण, चित्रं, काहीही. मग पुस्तक उघडून राहून गेलेलं लाल पेनाने भरायचं. पहिल्या दिवशी कागद जवळपास सगळा लाल होतो आणि इथेच बहुतेक घरांत ही पद्धत सोडली जाते. सोडू नका, आठवण्याची ती खटपटच शिकवते. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर पुन्हा आठवायचं, पण आदल्या दिवशी लाल असलेलंच. त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. विसरणं सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत सर्वांत वेगाने होतं, असं त्यांत दिसलं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे. तारखा कॅलेंडरवर लिहून स्वयंपाकघरात लावा. लक्षात ठेवायचं काम त्याच्याकडेच सोपवलंत तर सातवा दिवस कधी उजाडत नाही.

प्रश्न : सात वर्षांची मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. मराठीत भ-म, घ-ध, थ-य यांत गोंधळ करते, कधी अक्षर उलटंही काढते. डिस्लेक्सिया असेल का?
— एक आई, इंदिरानगर

उत्तर : सातव्या वर्षापर्यंत अक्षर उलटं निघणं सर्रास दिसतं. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, तिथलंच दुखणं अनेकदा अभ्यासाच्या नावावर खपतं. अध्ययन अक्षमतेचं (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) निदान साधारण आठव्या वर्षानंतर करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, त्यामुळे पुढे निदान झालंच तर परीक्षेत सवलतीही मिळतात.

तोवर ही एक खूण द्या. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही जोड्यांत भ, ध आणि थ यांच्या डावीकडे वर घुंडी आहे आणि त्या घुंडीवर डोक्यावरची रेघ तुटते. म, घ आणि य यांच्यावर ती सलग जाते. मुलं आधी सलग रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं टांगतात, त्यामुळे हा फरक दिसायलाच जागा उरत नाही. तेव्हा आधी अक्षर, रेघ शेवटी.

जोडीतली दोन्ही अक्षरं एकाच दिवशी घेऊ नका. 'म' पक्कं झाल्यावर दहा-बारा दिवसांनी 'भ'. लिहायला ताटात काळा कागद घालून त्यावर रव्याचा पातळ थर पसरा, बोटाने ओढलं की खालचा काळा दिसला पाहिजे. थर जाड झाला तर रवा परत आत ढासळतो आणि घुंडी बुजते. अक्षर काढताना नाव नव्हे, उच्चार म्हणायचा, आणि लगेच त्याचा एक शब्द: भाकरी, भोपळा. रोज तीन अक्षरं, मग रवा चाळून डब्यात. शिऱ्याला मात्र तो वापरू नका.